छताकडे तोंड केलेल्या प्रोजेक्टरच्या दिव्याबाबत

प्रति,
माननीय अपील अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : घरगुती प्रोजेक्टरसाठी घेतलेला पर्यायी दिवा फुटल्याबद्दलची माझी तक्रार फेटाळली गेल्याने अपील.

संदर्भ : १) माझा मूळ तक्रार अर्ज. २) त्यावरील तक्रार अधिकाऱ्यांचा आदेश, जो मला कामाच्या ठिकाणी, सहकाऱ्यांसमक्ष देण्यात आला.

महोदय,

मी, खाली सही करणारा, एका यंत्रसामग्रीच्या कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख आहे. तीन दुकानांचे भाव मागवल्याशिवाय मी कारखान्यासाठी कधी खिळा घेतला नाही आणि घरासाठी कधी केरसुणी. यात स्वतःची टिमकी वाजवण्याचा हेतू नाही. आदेशात माझ्या निवडीला ‘बेफिकीर’ असा शब्द वापरला आहे आणि तो माझ्या हाताखालच्या कारकुनाने माझ्यादेखत मोठ्याने वाचला, म्हणून सुरुवातीलाच खुलासा करणे भाग पडले. माझ्यावर इतर काहीही आरोप होऊ शकतील. बेफिकिरीचा होऊ शकत नाही.

१. ज्यांच्यासाठी हा दिवा घेतला ते माझे वडील सार्वजनिक जलतरण तलावावर प्रशिक्षक होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी पदके आणली आणि पुढे जन्मभर मास्तरांना शिव्याही दिल्या, दोन्ही सारख्याच अभिमानाने. पाण्यात कधी गटांगळी न खाल्लेला हा माणूस गेल्या वर्षी तलावाच्या काठावर, ओल्या फरशीवर घसरला आणि मान मोडून घेतली. खांद्यांखालचे शरीर गेले. मानेला पट्टा, पाठीवर सरळ निजणे, कूस बदलायची तीही दुसऱ्याने. वाचा आणि बुद्धी मात्र शाबूत राहिली, आणि दोन्हींची धार पूर्वीइतकीच. मोठा मुलगा या नात्याने मी त्यांना व आईला माझ्या घरी आणले. दवाखान्यात असतो तसा चाकांचा पलंग मी स्वतः पारखून घेतला.

मला पोहता येत नाही. आदेशात याचा उल्लेख नाही, तरी विरुद्ध पक्षाचा दुकानदार आज ना उद्या ते उकरून काढील, म्हणून आधीच सांगतो. लहानपणी मला पाण्याची भीती वाटे. वडिलांनी एकदा मला सगळ्या पोरांसमोर खोल पाण्यात ढकलले, बांबूने वर काढले आणि म्हणाले, “हा बुडाला तरी वर बुडबुडा यायचा नाही.” त्या दिवसापासून तलावावर माझे नाव ‘धोंडा’ पडले. लग्नानंतरसुद्धा पाहुण्यांसमोर वडील मला त्याच नावाने हाक मारीत. या गोष्टीचा माझ्या मनात राग नाही, आणि दिव्याच्या निवडीशी तिचा काडीचा संबंध नाही.

२. प्रोजेक्टर माझ्या धाकट्या बहिणीचा. ती वडिलांकडेच पोहायला शिकली आणि स्पर्धाही जिंकली, त्यामुळे घरात तिचे वजन वेगळे. वडिलांना छताशिवाय दुसरे काही दिसत नाही हे पाहून तिने आपल्या घरचा प्रोजेक्टर आणला, पलंगाशेजारी एका तिवईवर उभा बसवला आणि त्याचे तोंड वर केले. छतावर निळे पाणी पसरले. जुन्या शर्यती, जुन्या स्पर्धा. मग आई उशी नीट करायला वाकली आणि तिची सावली छतावर पडली, तेव्हा वडील म्हणाले, “जरा मागं सर. मुलांच्या वाटेत उभी आहेस.” अपघातानंतर आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. सकाळी डोळे उघडल्यापासून दिवा मालवेपर्यंत वडील ते पाणी बघत आणि छतावरच्या पोरांना शिव्या घालत. घरात जरा शांतता आली.

३. यंत्र बहिणीकडे बरेच वापरून झालेले होते. काही महिन्यांतच दिवा मंदावला आणि यंत्रावर लाल खूण लुकलुकू लागली. बहिणीने फोनवर सांगितले, “दादा, दिवा ओरिजिनलच घे. बाबांना दिवसभर तेवढंच तर आहे बघायला. वाटलं तर वरचा फरक मी देते.” मोठ्या भावाला असे सुचवणे शोभत नाही, हे मी तिला सांगितले आणि रीतीप्रमाणे बाजारात चौकशी केली.

विरुद्ध पक्षाच्या, म्हणजे दुकानदाराच्या काउंटरवर तीन खोकी मांडली गेली. त्याचे बोलणे मी जसेच्या तसे देत आहे. “साहेब, हा एक कंपनीचा. हा दुसरा, आतला बल्ब चांगला, वरचं कवच भलत्याचं. आणि हा तिसरा, नुसता मापाला बसतो. कंपनीचा चार हजार तास चालतो. तिसऱ्याबद्दल मी तोंड उघडत नाही. निम्मा चालला तर तुमचं नशीब.”

मी विचारले, “मग घ्यावा कोणता?”

“कोणासाठी हवाय?”

“वडिलांसाठी. आजारी आहेत.”

तो म्हणाला, “किती आजारी?”

महोदय, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. तो विरुद्ध पक्षाने माझ्या डोक्यात घातला, याची कृपया नोंद घ्यावी. मग तो खोक्यांवरची धूळ पुसत म्हणाला, “माणूस बघून दिवा घ्यावा साहेब. माणसामागं दिवा उरला तर त्याच्या उजेडात बसायचं कोणी?”

४. कोणताही जबाबदार खरेदीदार करील तेच मी केले. आधी गरज किती आहे याची माहिती मिळवली. वडिलांच्या डॉक्टरांकडे जाऊन मी त्यांना विचारले की, साधारण किती काळ धरून चालावे. डॉक्टरांना वाटले, मला नोकरीत रजा मांडायची आहे. दिव्याचे कारण सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आजवर मला हे घरासाठी विचारलं, वाटणीसाठी विचारलं, लग्नाच्या तारखेसाठी विचारलं. दिव्यासाठी पहिल्यांदाच विचारतंय कोणी.” तरीही त्यांनी अंदाज दिला. तो लांबचा नव्हता.

त्या संध्याकाळी मी वडिलांच्या खोलीत पत्नीला सगळा हिशेब समजावून सांगितला. छत काळे होते, वडिलांचे डोळे मिटलेले होते. पत्नी म्हणाली, “अहो, हळू बोला.” मी म्हणालो, “झोपलेत ते.” रोज किती वेळ यंत्र चालते, डॉक्टरांनी काय धरायला सांगितले, हे मांडून मी तिला दाखवले की तिसरा दिवासुद्धा त्यांना पुरून उरेल, मग कंपनीच्या दिव्याचे निम्मे आयुष्य फुकट का घालवायचे? तेव्हा वडिलांनी डोळे न उघडताच म्हटले, “तिसराच घे धोंड्या. मी वेळेत आटपायचं बघतो.”

हे शब्द म्हणजे प्रत्यक्ष वापर करणाऱ्या व्यक्तीने दिलेली स्पष्ट संमती होय. आदेशात तिचा उल्लेखही नाही.

५. तिसरा दिवा बसवला. उजेड आला, पण पाण्याचा रंग बिघडला. निळ्याचे हिरवे झाले आणि पोहणाऱ्यांची तोंडे कावीळ झाल्यासारखी दिसू लागली. वडील म्हणाले, “तलाव साफ करत नाहीत वाटतं हल्ली.” हेच ते रोज सकाळी नव्याने म्हणत. आईने मला दिवा बदलण्याविषयी सुचवले, पत्नीनेही सुचवले. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “आजारी माणसाला कुठला आलाय रंग? अगदीच कुरकुर असेल तर उजेड पूर्ण वाढवा, हिरवं दबेल.” मी उजेड पूर्ण वाढवला. आदेशात हे कृत्य माझ्या माथी मारले आहे, सल्ला कोणाचा होता ते गाळले आहे.

दोष दिव्यात की पाहणाऱ्यात, हे ठरवल्याशिवाय वस्तू परत करू नये असा आमच्या विभागाचा नियम आहे. म्हणून मी नेत्रतज्ज्ञांना घरी आणले. त्यांनी वडिलांचे डोळे तपासले, मग मान वर करून छताकडे पाहिले आणि म्हणाले, “डोळे ठणठणीत आहेत. छताला शेवाळ धरलंय.” वडील हसले. इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि आईला त्यांची छाती दाबून धरावी लागली. माझ्या घरी आल्यापासून ते पहिल्यांदाच मोकळे हसले होते, आणि ते मला. नेत्रतज्ज्ञांचा दाखला सोबत जोडला आहे.

६. आता प्रत्यक्ष घटना. त्या दुपारी पलंगावरची चादर बदलायची म्हणून मी, पत्नी आणि आई असे तिघे खोलीत होतो. छतावर जुनी शर्यत चालू होती आणि वडील चौथ्या लेनमधल्या मुलीवर ओरडत होते, “मान खाली घाल, मान!” एकाएकी यंत्रातून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला, छत काळे पडले आणि यंत्राच्या बाजूच्या झरोक्यातून धूर व काचेचा तापलेला चुरा उशीवर उडाला.

यंत्राची पुस्तिका घरात मी एकट्याने वाचलेली आहे. तीत स्वच्छ लिहिले आहे की, दिवा फुटल्यास पाऱ्याची वाफ सुटते, तरी खोलीतील सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दार लावून घ्यावे आणि निदान अर्धा तास आत पाऊल टाकू नये. मी ओरडलो, “बाहेर! सगळे बाहेर!” पत्नी धावली. मी आईचा दंड धरून तिला ओढले. उशाशी पाण्याचे भांडे होते, ते माझ्या धक्क्याने सांडले.

मागून वडील म्हणाले, “सगळे म्हणजे कोण कोण रे?”

हा प्रश्न मला ऐकू आला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. त्या क्षणी उत्तर देत बसायला सवड नव्हती.

मी दार लावत असताना आईला फटीतून दिसले की, काचेचा एक तापलेला कण वडिलांच्या गालावर पडला आहे. त्यांना हात उचलता येत नव्हता. ते ओठ वाकडे करून त्या कणावर फुंकर घालायची खटपट करीत होते आणि फुंकर भलतीकडे जात होती. आईने मला हिसडा दिला आणि ती आत गेली. तिच्या मागे मी दार लावून घेतले, कारण वाफ घरभर पसरू द्यायची नव्हती.

थोड्या वेळाने आईचा आवाज आला, “अरे, हा पलंग हलत का नाही?”

मी बाहेरून सांगितले, “चाकांना ब्रेक आहे. पायाशी लाल पट्टी आहे, ती दाब.”

“दाबतेय. दबत नाहीये.”

“जोर लाव.”

“माझ्या पायात कुठला आलाय जोर? तू ये ना आत!”

पुस्तिकेत आत जाण्याची मनाई होती. मी तिला खिडकी उघडायला सांगितले. तिने उघडली, बिजागरीचा आवाज मी ऐकला. मी म्हणालो, “टॉवेल ओला करून त्यांच्या नाकातोंडावर धर.” ती म्हणाली, “पाणी तूच सांडलंस ना जाताना!”

यानंतर आईची धडपड काही वेळ ऐकू येत राहिली. पट्टीवर पाय आपटल्याचा आवाज, धापा, पुन्हा पाय. मग वडील तिला म्हणाले, “सोड ती पट्टी. तुझ्यानं व्हायचं नाही. बस इथं, माझ्या तोंडाशी.” महोदय, माझ्या आठवणीत वडील आईशी इतक्या हळू आवाजात कधी बोललेले नाहीत. आई कण्हत कुठेतरी टेकली असावी. ते तिला पुढची शर्यत सांगू लागले, जी छतावर आता दिसत नव्हती. चौथ्या लेनमधली मुलगी वळताना कशी मागे पडते, मग कशी उठते. “जिंकते तीच शेवटी,” ते म्हणाले. “मान मात्र शेवटपर्यंत वरच.”

अर्धा तास पुरा झाल्यावर मी दार उघडले. पट्टी मी बुटाच्या टोकाने दाबली आणि पलंग बाहेर आणला. आई वाटेतून बाजूला झाली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, पट्टीकडे पाहिले.

७. डॉक्टरांनी दोघांना तपासले. वाफेने कोणाला काही झाले नव्हते. वडिलांच्या गालावर भाजल्याचा डाग आणि आईला खोकला, एवढेच नुकसान निघाले. म्हणजे दार लावण्याची, वेळ पाळण्याची माझी खबरदारी अनाठायी ठरली असे कोणी म्हणेल, पण धोका टळल्यावर असे सगळेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बहीण रुग्णवाहिका घेऊन आली. तिने दारातच विचारले, “दादा, आई आत ओरडत होती तेव्हा तू बाहेर काय करत होतास?”

मी म्हणालो, “वेळ बघत होतो.”

वडिलांना तेव्हा चौघे जण उचलून बाहेर नेत होते. ते म्हणाले, “थांबा रे जरा.” मग मला म्हणाले, “वेळ नीट लावलीस ना?”

“हो.”

“मग झालं.”

आमच्यातले हे शेवटचे बोलणे. आई त्यांच्याबरोबर गेली. तिने आपले कपडे, औषधे आणि वडिलांचा मानेचा जादा पट्टा एका पिशवीत भरला. मी पिशवी उचलू लागलो तर म्हणाली, “राहू दे. जड नाहीये.” रुग्णवाहिका गेल्यावर पत्नीने विचारले, “उद्या मी आत अडकले तर मलाही बाहेरूनच सांगाल का, जोर लाव म्हणून?” ती घर सोडून गेलेली नाही. वडिलांच्या रिकाम्या खोलीत झोपते आणि दार उघडे ठेवते.

८. या साऱ्याचे मूळ एक निकृष्ट दिवा आहे, अशी माझी तक्रार होती. दिव्याची किंमत, यंत्राची दुरुस्ती, डॉक्टरांची फी आणि कौटुंबिक मनस्ताप यांची भरपाई मी मागितली होती. आपल्या कार्यालयाचे निरीक्षक घरी आले. त्यांनी पलंगाची आणि दाराची रुंदी मोजली. पलंग जायला दार पुरेसे रुंद आहे हे मी कधीच नाकारले नव्हते. त्यांनी ब्रेकची पट्टी माझ्या पत्नीला दाबायला लावली. ती दाबली गेली. पण माझ्या पत्नीचे वय आणि आईचे वय यांत फरक आहे, हे अहवालात लिहिलेले नाही.

विरुद्ध पक्षाने पावती दाखवली, जिच्यावर ‘नक्कल, हमी नाही’ असा शिक्का व त्याखाली माझी सही आहे. सही मी नाकारत नाही. पण पुस्तिकेबद्दल त्याने जो बचाव केला तो आपण अवश्य वाचावा. तो म्हणतो, “पुस्तिका कंपनीची, दिवा माझा. कंपनीचंच ऐकायचं होतं तर कंपनीचाच दिवा घ्यायचा.” म्हणजे मी तिसरा दिवा निवडला त्या दिवसापासून मला कोणतीच सूचना लागू नव्हती काय? मग अशा माणसाने दिवा फुटल्यावर वागावे तरी कोणाच्या सांगण्यावरून?

आणि खरी तक्रार तर पुस्तिकेबद्दलच आहे, जी माझ्या पहिल्या अर्जात राहून गेली. तीत ‘सर्वांनी बाहेर पडावे’ असे लिहिले आहे. ‘सर्व’ म्हणजे कोण, याचा खुलासा कोठेही नाही. ज्याला चालता येत नाही त्याने काय करावे, त्याच्या मुलाने काय करावे, आधी वाफ की आधी पलंग, याबद्दल मी ती पुन्हा पुन्हा वाचली. यंत्र पुसायला कोणते कापड घ्यावे यावर अर्धे पान आहे. महोदय, त्या पुस्तिकेत एक ओळ असती की अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सोबत न्यावे, तर मी ती ओळ अक्षरशः पाळली असती. मला ओळखणारा कोणीही हे सांगेल.

९. हा आदेश मला मिळण्यापूर्वीच वडील वारले. बहिणीकडे कंपनीचा दिवा बसवला होता. पत्नी त्यांना भेटून आली तेव्हा तिने सांगितले की पाणी निळे दिसते आणि वडील रंगाबद्दल काही बोलत नाहीत, फक्त बघतात. ते गेले तेव्हा आई शेजारी होती आणि छतावर शर्यत चालू होती. आईने ती संपेपर्यंत यंत्र बंद करू दिले नाही.

त्या दिवसापर्यंत यंत्र किती तास चालले असते, हे मी मांडून पाहिले आहे. तिसरा दिवा फुटला नसता तर तो वडिलांना पुरला असता आणि थोडा उरलाही असता. माझा अंदाज चुकलेला नव्हता. हे मी आईला फोनवर सांगू लागलो. तिने मला सगळे बोलू दिले, मग विचारले, “झालं?” आणि फोन ठेवला. त्यानंतर ती फोन उचलत नाही.

अंत्यविधीला वडिलांचे जुने विद्यार्थी मोठ्या संख्येने आले होते. रडत होते आणि एकमेकांना मास्तरांच्या शिव्या आठवून सांगत होते. त्यांतल्या एकाने, रुंद खांद्यांच्या, मला जरा सरकायला सांगितले, कारण पुढे घरची माणसे उभी राहणार होती. मी सरकलो. ओळख सांगण्याची ती जागा नव्हती.

१०. आता आदेशाच्या अखेरच्या पानाबद्दल, ज्यासाठी खरे तर हे अपील आहे. निरीक्षकांनी बहिणीच्या घरी जाऊन वडिलांचा जबाब घेतला होता. तो असा आहे : “दिवा फुटला. असे दिवे फुटतात. दुकानदाराविरुद्ध माझी काही तक्रार नाही. अर्जदार त्या वेळी खोलीत नव्हता, तेव्हा तिथं काय झालं याबद्दल त्याचं म्हणणं धरू नये.”

‘माझा मुलगा’ असे ते म्हणाले नाहीत. ‘अर्जदार’ हा शब्द त्यांचा की निरीक्षकांचा, हे मी निरीक्षकांना भेटून विचारले. निरीक्षक म्हणाले, “त्यांचाच. मी मुलगा लिहीत होतो, त्यांनी खोडायला लावलं.”

महोदय, नुकसानभरपाईची मागणी मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. दिव्याची किंमत नको. दुकानदाराला समज देण्याचीही गरज नाही. तो अजून त्याच काउंटरवर तीच तीन खोकी मांडतो, मांडू दे. माझी विनंती आता एकाच वाक्यापुरती आहे. ‘अर्जदार त्या वेळी खोलीत नव्हता’ हे वाक्य वस्तुस्थितीला धरून असले तरी अपुरे आहे. ते वाचणाऱ्याला असे वाटते की, अर्जदार कोठेतरी दूर, आपल्या कामात होता. मी दूर नव्हतो. त्यांच्या पलंगापासून माझ्यापर्यंत अंतर होते ते एका दाराचे.

यास पुरावा काय, असे आपण विचाराल. पत्नी अंगणात होती, तिने पाहिलेले नाही. एकच साक्षीदार आहे, ती माझी आई, आणि तिने हे कोणालाच सांगितलेले दिसत नाही, बहिणीलाही नाही. पट्टी दाबता दाबता थकल्यावर आई दाराशी आली होती आणि तिने आतून मूठ फिरवली. ती मूठ बाहेरून दोन्ही हातांनी धरून ठेवणारा मीच होतो. तिने तीनदा फिरवली, मग सोडली. म्हणजे मी दाराशीच होतो हे तिला ठाऊक आहे. आपण तिला बोलावून एवढेच विचारावे. ती खोटे बोलणार नाही.

तरी सदर वाक्य दुरुस्त करून ‘अर्जदार दाराशी होता’ असे लिहावे. जबाब देणारी व्यक्ती हयात नसल्याने मूळ कागदावर बदल करता येत नसेल, तर निदान मला मिळणाऱ्या प्रतीवर तो करावा. ती प्रत मी कोणालाही दाखवणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

अर्जदार
(सही)

दिनांक : १४ नोव्हेंबर

सोबत :
१. पुस्तिकेतील सूचनांचे पान.
२. पावती.
३. नेत्रतज्ज्ञांचा दाखला.
४. वडिलांच्या जबाबाची प्रत. दुरुस्त वाक्य मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. त्याखाली फक्त आपली सही हवी.